मशीद नमाजेपुरती असावी, की वस्तीचा सगळा पसारा तिने सांभाळावा?

वाटसरू
मंडळी, सलाम आणि नमस्कार.

आमच्या मशिदीच्या कमिटीत सध्या एका रिकाम्या खोलीवरून जुंपली आहे. वजूखान्याला, म्हणजे नमाजेआधी हातपाय धुण्याच्या जागेला, लागून असलेली ही खोली वर्षानुवर्षं फाटक्या चटया आणि बंद पडलेले पंखे सांभाळत उभी आहे. तरुण पोरांचं म्हणणं, ती साफ करून अभ्यासिका करू. परीक्षा देणारी मुलं बसतील, संध्याकाळी कुणी डॉक्टर येऊन रक्तदाब तपासेल, कुणी लोकांचे अर्ज भरून देईल. येणारा मुसलमान असो नसो, दार उघडं. ज्येष्ठांचं म्हणणं, हे अल्लाहचं घर आहे, क्लब नव्हे. आज अभ्यासिका आली की उद्या कॅरम येणार.

मला दोन्हीकडचं थोडं थोडं पटतं, म्हणूनच पंचाईत. नमाज काय, जागा पाक असली की कुठेही होते. मग माणूस मशिदीत नक्की कशासाठी येतो? फक्त नमाजेसाठी येत असेल तर ज्येष्ठांचं बरोबर. पण मग सलाम फेरल्यावर, म्हणजे नमाज संपल्यावर, अर्धा तास पायऱ्यांवर गप्पा हाणत बसणारे हेच ज्येष्ठ कोण?

अनुभव सांगा. वाद चालेल, राजकारण नको.

टवाळ_पांडू
कॅरम आला तर कळवा, मीही येतो. पुढील भागाच्या प्रतीक्षेत.

मोहर
वाटसरू, तुमच्या ज्येष्ठांना मदिनेच्या पहिल्या मशिदीची आठवण करून द्या. ६२२ मध्ये हिजरत झाली, म्हणजे पैगंबर मक्केहून मदिनेला आले, आणि त्यानंतर लगेच ती उभी राहिली. भिंती कच्च्या विटांच्या, खांब खजुराच्या खोडांचे, वर झावळ्या. पाऊस आला की गळायची. त्या मशिदीतच एक सावलीचा कोपरा होता, सुफ्फा. ज्यांना घर नाही, नातलग नाहीत असे लोक तिथे राहायचे, झोपायचे, शिकायचे. हजरत अबू हुरैरा त्यांच्यातलेच. बाहेरून आलेली शिष्टमंडळं तिथेच भेटायची. खंदकाच्या लढाईत जखमी झालेल्या साद बिन मुआज यांच्यासाठी तंबू ठोकला तोही मशिदीतच. ईदेच्या दिवशी हबशी लोकांनी तिथे भाल्यांचे खेळ केले आणि पैगंबरांच्या पत्नी हजरत आयेशांनी ते पैगंबरांच्या खांद्याआडून पाहिले, हे बुखारीत, म्हणजे हदीसांच्या (पैगंबरांच्या उक्ती-कृतींच्या) संग्रहात आहे.

भाले चालतात आणि पुस्तकं चालत नाहीत?

खडूस_काका
मोहर, अर्धी हदीस सांगू नये, सगळ्या सांगाव्यात. मुस्लिम शरीफ या दुसऱ्या हदीससंग्रहात हेही आहे, की मशिदीत कुणी हरवलेल्या वस्तूची दवंडी पिटत असेल तर त्याला म्हणा, अल्लाह तुला ती परत न देवो, मशिदी यासाठी बांधलेल्या नाहीत. खरेदी-विक्रीलाही मनाई आहे. याचा अर्थ सरळ आहे. जिक्र (अल्लाहचं स्मरण), नमाज, कुरआन, इल्म (ज्ञान). बाकीचं बाहेर.

आणि सुफ्फ्याचं म्हणाल तर तिथले लोक दीन, म्हणजे धर्म, शिकायला बसले होते, स्पर्धा परीक्षेचा अर्ज भरायला नव्हे. मी स्वतः कमिटीत काढलेली वर्षं आठवून सांगतो. एकदा का मशीद ‘सगळ्यांसाठी सगळं’ झाली, की फजरला (पहाटेच्या नमाजेला) एक सफ, म्हणजे रांग, भरत नाही आणि कार्यक्रमाला अंगण पुरत नाही.

कट्ट्यावरचा
काका, हरवलेल्या वस्तूची दवंडी नको म्हणता आणि लाउडस्पीकरवरून ‘पांढऱ्या गाडीवाल्यांनी गाडी काढावी’ कोण सांगतं?

खडूस_काका
गाडी हरवलेली नसते. नको तिथे सापडलेली असते.

टवाळ_पांडू
काका फॉर्मात.

चौथी_खिडकी
सगळे खोलीबद्दल बोलताय. त्या अभ्यासिकेत मुलींना जागा आहे का, हे वाटसरूंनी लिहिलेलंच नाही.

अनेक मशिदींमध्ये बायकांचा भाग म्हणजे वरचा मजला, जिना मागून, आणि स्पीकर असा, की इमाम सजद्यात (कपाळ टेकून) गेले की रुकूत (कमरेत वाकून) हेच कळत नाही. एकदा जुम्याला (शुक्रवारच्या नमाजेला) आम्ही सगळ्या जणी सजद्यात आणि खाली लोक कधीच उठलेले. वरती हसू आवरेना. एक आजी नमाज मोडून हसल्या आणि नंतर त्यांनीच आम्हाला दटावलं.

‘अल्लाहच्या दासींना अल्लाहच्या मशिदींपासून रोखू नका’ ही हदीस सगळ्यांना पाठ असते. पुढच्या काळातल्या हनफी (इस्लामी कायद्याच्या एका शाखेच्या) फकीहांनी, म्हणजे कायदेपंडितांनी, फितन्याचं (गैरप्रकाराच्या भीतीचं) कारण देऊन बायकांनी घरीच नमाज पढणं बरं असं म्हटलं, तेही माहीत आहे. पण ‘घरी पढणं बरं’ म्हणणं वेगळं आणि आलीच तर तिला जागाच नसणं वेगळं. मोरोक्कोतल्या फेस शहरातली करविय्यीन मशीद, जिला जोडून जगातल्या जुन्यातल्या जुन्या विद्यापीठांपैकी एक उभं राहिलं, ती ८५९ मध्ये फातिमा अल-फिहरी या बाईने बांधली असं परंपरा सांगते. चीनमध्ये हुई मुसलमानांच्या बायकांच्या स्वतंत्र मशिदी आहेत, तिथे शिकवणारी, बायकांची नमाज पढवणारी आहोंग बाईच असते. मोरोक्कोने २००६ पासून मुरशिदात, म्हणजे धर्ममार्गदर्शक बायका, नेमल्या. त्या मशिदीत शिकवतात, तुरुंगात आणि इस्पितळात जातात. म्हणजे जमत नाही असं नाही, मनावर घेतलं जात नाही.

रानफूल
चौथी_खिडकी +१

वाटसरू
ताई, वेळा वाटून द्यायचा प्रस्ताव आहे. दुपार मुलींची. अजून मंजूर नाही.

चौथी_खिडकी
दुपार! जेव्हा त्या कॉलेजात असतात. वा.

हिशेबनीस
भावनेपेक्षा पैशाचं बोलू. मी एका मशिदीचा हिशेब बघतो.

बाहेरच्या लोकांना वाटतं रमजानमध्ये मशिदीकडे जकातीचा, म्हणजे ऐपतदारावर बंधनकारक असलेल्या दानाचा, पूर येतो. कुरआनात (सूरह तौबा, आयत ६०) जकातीचे ८ हकदार मोजून दिलेत. फकीर, मिस्कीन, कर्जात बुडालेला, वाटेत अडकलेला प्रवासी वगैरे. त्यात मशिदीची इमारत नाही. हनफी मतानुसार जकात गरजू माणसाच्या मालकीची व्हावी लागते, आणि भिंत काही मालक होत नाही. त्यामुळे जकातीतून ना रंग देता येतो, ना पेशइमामांचा पगार. मशीद चालते ती चंदा, सदका (ऐच्छिक दान) आणि वक्फाच्या (धर्मकार्यासाठी कायमची दिलेल्या मालमत्तेच्या) उत्पन्नावर. जकात कुणी आमच्याकडे दिलीच तर ती वेगळ्या खात्यात आणि जशीच्या तशी गरजूंकडे.

जकातीचा हिशेब तसा सोपा. उपखंडात साडेसात तोळे सोनं किंवा साडेबावन्न तोळे चांदी हा निसाब, म्हणजे किमान मर्यादा, धरतात. तेवढी मालमत्ता चांद्र वर्षभर शिल्लक राहिली की अडीच टक्के. अवघड असतं ते देणं. कारण खरा गरजू मागत नाही. तो कोण, हे कुणाला माहीत असतं? मुअज्जिनला, म्हणजे अजान देणाऱ्याला. अमक्याने दोन महिने मुलाची फी भरलेली नाही, तमका हल्ली पाठीमागच्या सफमध्ये उभा राहून सलाम फेरताच निघून जातो, हे त्याच्या नजरेला पडतं. आमच्याकडे यादी त्याच्याकडूनच येते. आणि ती यादी मी आणि तो सोडून कमिटीतही कुणी बघत नाही.

ऑटोमन काळात इस्तंबूलमध्ये सदक्याचे दगड असायचे, माणसाच्या उंचीचे, वर खळगा. देणारा आत हात घालून पैसे ठेवी, घेणाराही हात घालून गरजेपुरतं उचली. आत हात घालणारा देतोय की घेतोय, हे बघणाऱ्याला कळायचं नाही.

तर वाटसरू, पहिला प्रश्न. अभ्यासिकेचं वीजबिल कोण भरणार?

मोहर
हिशेबनीस, सदक्याच्या दगडाचं आवडलं. इस्तंबूलच्या सुलेमानिया मशिदीबद्दलही थोडं लिहा ना कुणीतरी, तिथे तर आख्खं गावच होतं भोवती.

विटकरी
मी लिहिते, माझं क्षेत्र. मिमार सिनान या ऑटोमन वास्तुकाराने १५५० ते १५५७ मध्ये बांधली. मधोमध मशीद आणि भोवती मदरसे, इस्पितळ, वैद्यकशाळा, अन्नछत्र, हमाम, मुलांची शाळा. याला कुल्लिये म्हणतात. पण मुद्दा असा, की सगळं मशिदीला लागून होतं, नमाजगृहात नव्हतं. नकाशातच ते वेगळं काढलेलं आहे. काकांना हे आवडेल.

मला मात्र आजची एक मशीद जास्त जवळची वाटते. ढाक्यातली बैत-उर-रऊफ. मरीना तबस्सुम यांनी आजीने दिलेल्या जमिनीवर बांधली, २०१२ ला पूर्ण झाली, २०१६ मध्ये वास्तुकलेचा आगा खान पुरस्कार मिळाला. घुमट नाही, मिनार नाही. नुसती वीट आणि छतातल्या गोल छिद्रांतून पडणारा उजेड. जमिनीपासून उंच जोत्यावर आहे, आणि त्या जोत्यावर दिवसभर पोरं खेळतात, म्हातारे बसतात. तबस्सुम यांनी यासाठी वेगळी खोली काढलीच नाही. जोतं रुंद केलं आणि काम झालं.

शहाणा_उंट
विषयांतर करतो, माफ करा, पण मशिदीने विज्ञानालाही आसरा दिलाय हे कुणी म्हणत नाही. दमास्कसच्या उमय्यद मशिदीत १४व्या शतकात इब्न अल-शातिर हा मुवक्कित होता, म्हणजे नमाजेच्या वेळा काढणारा. त्याने मिनारावर बसवायला छायाघड्याळ केलं. त्याने चंद्राच्या गतीचं जे गणित मांडलं, तसंच पुढे कोपर्निकसकडे दिसतं.

आणि वेळा काढणं हा पोरखेळ नाही. असर, म्हणजे दुपारनंतरची नमाज, कधी सुरू होते? वस्तूची सावली, माध्यान्हीची सावली वजा जाता, वस्तूच्या उंचीइतकी झाली की. हनफींकडे दुप्पट झाली की. म्हणून एकाच वस्तीत दोन मशिदींची असर वेगळ्या वेळी असू शकते आणि दोन्ही बरोबर. नॉर्वेसारख्या ठिकाणी जूनमध्ये संधिप्रकाश संपतच नाही, मग इशा (रात्रीची नमाज) कधी पढायची? कुठे जवळच्या शहराची वेळ धरतात, कुठे मक्केची.

टवाळ_पांडू
दोन मशिदी, दोन वेळा, दोन्ही बरोबर. माझ्या ऑफिसात हाच नियम लागू व्हावा.

कट्ट्यावरचा
मी जरा उलटं बोलतो. मी रोजे ठेवतो, जकात देतो, नमाज बहुतेक घरी पढतो. मशिदीत जुम्याला आणि ईदेला. माझा ईमान कमी आहे असं मला वाटत नाही.

आणि मशीद वस्तीचं केंद्र झाली की काय होतं तेही बोला. केंद्र म्हणजे डोळे. ‘चार दिवस दिसला नाहीत?’, ‘मुलगा कुठे असतो हल्ली?’, ‘दाढी का काढली?’ हिशेबनीसांचा मुअज्जिन गरजू ओळखतो, मान्य. तोच मुअज्जिन, किंवा त्याच्याशेजारी बसलेला कुणी, माझी चौकशीही करतो. ज्याला मदत हवी आहे त्याला ही नजर सावलीसारखी, ज्याला एकटं राहायचंय त्याला ती उन्हासारखी. तुमची अभ्यासिका झाली की तिथे कोण किती वाजता कुणाबरोबर आलं याची चर्चा वजूखान्यात होणार. लिहून ठेवा.

चौथी_खिडकी
हे खरं आहे. आणि मुलींच्या बाबतीत दुप्पट खरं.

रानफूल
मी मुसलमान नाही, तरी लिहिते.

माझ्या सहकाऱ्याचे वडील गेले, तेव्हा मी पहिल्यांदा मशिदीच्या आवारात गेले. कसं वागायचं काही माहीत नव्हतं. गेटवरच्या एका काकांनी काही न विचारता सांगितलं, ‘बायका त्या बाजूला बसल्यात, चपला इथे काढा, पाणी तिथे आहे.’ एवढंच.

मला थक्क केलं ते कामाच्या विभागणीने. बातमी मशिदीतून जाहीर झाली, आणि माझा सहकारी सुन्न बसलेला असताना गुसल (मय्यतीला अंघोळ) देणारे आले, कफन आलं, कबरीचं बघणारा तिकडे गेला. कुणी त्याला ‘काय करायचं?’ असं विचारलंही नाही. नंतर त्याने सांगितलं, जनाजाची, म्हणजे अंत्यविधीची, नमाज हे फर्ज-ए-किफाया आहे. वस्तीतल्या काहींनी केलं तर सगळ्यांचं फिटतं, कुणीच केलं नाही तर सगळे गुन्हेगार. नमाजही लहानशी. उभ्याउभ्याच, ४ तकबीर (‘अल्लाहू अकबर’ म्हणणं), रुकू नाही, सजदा नाही.

कट्ट्यावरचा, तुमची नजरेची तक्रार समजते. पण त्या दिवशी तीच नजर कामाला आली असणार. कुणाच्या घरात काय झालंय हे माहीत असल्याशिवाय इतक्या लवकर माणसं पोचत नाहीत.

कट्ट्यावरचा
पोचतात हो. मय्यतीला सगळे पोचतात. जिवंतपणीचं बोला.

मोहर
जिवंतपणीचंच घ्या. पैगंबरांची मशीद झाडणारी एक बाई होती. ती दिसेना, तेव्हा त्यांनी विचारलं. कळलं, की ती वारली आणि लोकांनी रात्रीच दफन करून टाकलं, एवढ्याशा गोष्टीसाठी तुम्हाला कशाला उठवायचं म्हणून. ते म्हणाले, मला का सांगितलं नाही? आणि तिच्या कबरीवर जाऊन नमाज पढले. ‘दिसली नाही’ हे विचारणं त्यातलं आहे. दाढीची चौकशी त्यातली नाही. फरक करता येतो.

दुसरं, मशिदीत आलेल्याला कसं वागवायचं तेही तिथेच आहे. एक बदवी (वाळवंटातला भटका) आला आणि मशिदीतच लघवीला बसला. लोक धावले. पैगंबर म्हणाले, त्याचं होऊ दे. मग पाण्याची बादली ओतायला लावली. आज कुणाचं पोर सफमध्ये धावलं तर तीन माणसं डोळे वटारतात, आणि पैगंबर बाळाचं रडणं ऐकून नमाज आटोपती घ्यायचे.

झोपाळू
आटोपतीवरून: पैगंबरांचे सोबती मुआज बिन जबल यांनी नमाजेत सूरह बकरा, कुरआनातली सगळ्यात लांब सूरह, लावली तेव्हा एक शेतकरी सफ सोडून गेला आणि तक्रार पैगंबरांपर्यंत गेली. रागावणी मुआजना झाली, शेतकऱ्याला नाही. लोकांमध्ये म्हातारे असतात, दुबळे असतात, कामाचे असतात, आटोपशीर पढवा असं सांगितलं. आमच्या इमामसाहेबांना हे कुणीतरी आदराने सांगा. मी सांगितलं असतं, पण मी पाठीमागच्या सफमध्ये असतो आणि आवाज पोचत नाही.

खडूस_काका
किस्से खूप झाले. लंडनमधली ग्रेनफेल टॉवरची आग कुणी लिहिली नाही, म्हणून मीच लिहितो, कारण मला लोक उगाच दगड समजतात. १४ जून २०१७. रमजान होता, त्यामुळे मध्यरात्रीनंतरही बरेच मुसलमान शेजारी जागे होते, त्यांनी दारं ठोठावून लोकांना उठवलं. जवळच्या अल-मनार मशिदीने दारं उघडली, आणि आत येणाऱ्याला धर्म विचारला नाही. मदतीला माझा विरोध कधीच नव्हता.

माझा विरोध सरमिसळीला आहे. आणि त्यावरचा तोडगा मी काढलेला नाही, दुसरे खलीफा हजरत उमरनी काढलाय. मुवत्ता या हदीससंग्रहात आहे. त्यांनी मशिदीच्या कडेला एक मोकळी जागा करून दिली, तिला बुतैहा म्हणायचे. ज्याला गप्पा मारायच्यात, शेर म्हणायचेत, आवाज चढवायचाय, त्याने तिथे जावं. मशीद बंद केली नाही, माणसांना हाकललं नाही, कडेला जागा दिली.

मोहर
काका, हेच उमर एकदा मशिदीत काव्य म्हणणाऱ्या हस्सान बिन साबित यांच्याकडे रागाने बघत गेले, तेव्हा हस्साननी सुनावलं, ‘तुमच्यापेक्षा थोर माणूस (म्हणजे पैगंबर) इथे असताना मी म्हणत होतो.’ उमर गप्प.

खडूस_काका
गप्प राहून मग बुतैहा बांधला असेल. माझं म्हणणं कायम.

विटकरी
वाटसरू, खोली वजूखान्याला लागून म्हणालात. म्हणजे नमाजगृहात नाही. बाहेरून दार काढता येईल का? रस्त्याच्या बाजूने भिंत असेल आणि ती भार घेणारी नसेल तर हे फार मोठं काम नाही. वजूच्या पाण्याचा ओलावा मात्र आधी बघा. पुस्तकं दोन पावसाळ्यांत बाद होतील.

बाहेरून दार झालं की नमाजेच्या वेळी वर्दळ नाही, रानफूलसारख्यांना वाट विचारावी लागणार नाही, आणि मुलींना पूर्ण दिवस देता येईल.

हिशेबनीस
आणि वेगळा मीटर. मशिदीच्या चंद्यातून अभ्यासिकेचं बिल भरलं तर देणारा विचारू शकतो, मी पैसे कशासाठी दिले होते? वेगळी पावती, वेगळं खातं.

पण त्याही आधी एक विचारतो, मघाशीच विचारायला हवं होतं. ही जागा वक्फ आहे ना? वक्फनामा कुणी वाचलाय का? वक्फ केलेली जागा विकता येत नाही, वारसाला जात नाही, आणि वाकिफने, म्हणजे देणाऱ्याने, जी अट घातली ती फकीह शरियतच्या नस्सइतकी (मूळ वचनाइतकी) धरतात. खोली कशासाठी दिली हे तिथे लिहिलेलं असेल, तर हा अख्खा धागा आणि तुमची कमिटी, दोघांचंही मत बाजूला.

टवाळ_पांडू
इतके प्रतिसाद झाल्यावर?

वाटसरू
सर्वांचे आभार. दाराची कल्पना मुलांना एकदम पटली, ज्येष्ठांपैकी दोघे ‘बघू’ म्हणाले, आणि त्यांचं ‘बघू’ म्हणजे बरंच झालं. मुलींच्या वेळेचा विषय चौथी_खिडकी ताईंच्या शब्दांत मांडला, तर एकाने विचारलं, या बाई कोण? मी म्हटलं, वरच्या मजल्यावरच्या.

कट्ट्यावरचा, नोंदवही ठेवायची नाही असं ठरवतोय. कोण आलं-गेलं लिहायचं नाही.

वक्फनाम्याची नक्कल जुन्या मुतवल्लींच्या (वक्फाच्या व्यवस्थापकांच्या) नातवाकडे मिळाली. जुन्या हातची उर्दू आहे, शिकस्ता, म्हणजे घाईच्या वळणाची लिपी, मला चार ओळींपलीकडे लागली नाही. ‘मुसाफिर’ आणि ‘तालीम’ हे दोन शब्द दिसतात, पण ते याच खोलीबद्दल आहेत की अंगणाबद्दल, कळत नाही. इथे कुणाला शिकस्ता वाचता येते का? फोटो टाकू का?

हिशेबनीस
इथे टाकू नका, नावं असतील त्यात. व्यक्तिगत निरोप पाठवा. माझ्या ओळखीचे एक निवृत्त दफ्तरदार आहेत, सगळं वाचतात, फक्त असरनंतर भेटतात.

शहाणा_उंट
कुठल्या असरनंतर? एकपट की दुप्पट?